वसतिगृहाच्या दारातली आई

स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, निकालांची परंपरा सांगावी आणि मोठ्या पदांवर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा अभिमानाने उल्लेख करावा, असा रिवाज आहे. ते काम या अंकात आमचे सहकारी अधिक चांगल्या रीतीने करतील. आमची सत्तावीस वर्षे इतिहासाच्या अध्यापनात गेली, आणि त्यांतील बराच काळ वसतिगृहाच्या व्हरांड्यात गेला. त्या व्हरांड्यातून जे दिसले, त्याबद्दल माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यापुढे एक म्हणणे मांडण्याची परवानगी आम्ही घेत आहोत.

काही वर्षांपूर्वीची दिवाळीची सुटी. दुपारपर्यंत बहुतेक मुले गेली होती. कोणाचे वडील मोटारसायकलवर आले, कोणाचे आजोबा एस.टी.ने आले. सायंकाळी पाचवीतला एक मुलगा आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून राहिला होता. त्याची आई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. साक्री तालुक्यातील बाई. नवऱ्याने दुसरी बायको करून हिला सोडून दिले होते. भावाच्या घरी दोन वर्षे काढली, पण तेथे भावजयीच्या संसाराला जागा पुरेना. हंगामात ती जळगावकडे एका जिनिंगमध्ये काम करी आणि तेथेच कापसाच्या गाठींशेजारच्या शेडमध्ये इतर बायांबरोबर झोपे. ती मुलाला न्यायला आलीच नव्हती. ती म्हणाली, “गुरुजी, याले आठेच ऱ्हाऊ द्या. मन्हाकडे निजाले जागा नही शे.”

सुटीत वसतिगृह बंद ठेवावयाचे, हा नियम. स्वयंपाकी गावी गेलेला, अधीक्षक निघण्याच्या तयारीत. आम्ही तिला नियम समजावून सांगितला. तिने वाद घातला नाही. पेटी डोक्यावर घेऊन ती मुलासह फाटकाबाहेर पडली. सुटी संपली, मुलगा आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की जिनिंगच्या मालकाने शेडमध्ये मूल ठेवू दिले नाही, म्हणून ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेली आणि मुलालाही बरोबर घेऊन गेली. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला. तो आमच्याच अक्षरातला आहे.

त्या दिवशी नियम आम्ही मोडला नाही, याचा तेव्हा आम्हाला खेदही वाटला नव्हता. खेद पुढे वाटला, आणि वाढत गेला. कारण नंतर आम्ही मुलांच्या घरच्या परिस्थितीची नोंद अधिक बारकाईने ठेवू लागलो, तेव्हा अशी मुले दर वर्षी सापडू लागली. आई विधवा, आई टाकलेली, आईची फारकत झालेली, आई घरातल्या मारहाणीतून निघून आलेली. मुलासाठी आपण खाट दिली, ताट दिले, वह्या दिल्या. आई मात्र दारातूनच परत गेली. तिला कोठे राहावयाचे, हा प्रश्न आपल्या संस्थेने स्वतःला कधी विचारलाच नाही.

आपल्या परंपरेने हा प्रश्न विचारला होता

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला हे सांगणे भाग आहे, की हा प्रश्न नवा नाही, आणि परदेशातून आलेला तर मुळीच नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्यामागे काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेची हकिकत होती. लोकलाजेपायी तिने आपले नवजात अर्भक मारले, आणि त्याबद्दल तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठविण्यात आले. ज्याने तिला फसविले त्याला कोणतीच शिक्षा झाली नाही. जोतीरावांनी यावर व्याख्यान दिले नाही. घराचा दरवाजा उघडला, आणि कोणत्याही विधवेने येथे येऊन निर्धास्तपणे बाळंत व्हावे अशी जाहीर पत्रके शहरात लावली. १८८४ सालच्या आपल्या टिपणात त्यांनी नोंदविले आहे, की तोवर ३५ विधवा त्या घरात बाळंत झाल्या. जन्मलेल्यांपैकी पाचच मुले जगली. गर्भ पाडण्यासाठी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा घात केला होता. हा आकडा लपविण्याचा मोह त्यांना झाला नाही. अशा घराचे यश मोजताना जगलेले एकेक मूल मोजावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

त्याच गृहात जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९७ सालच्या प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणताच सावित्रीबाईंना मृत्यू आला. एका निराधार बाईला चार भिंती मिळाल्या, म्हणून पुण्याला प्लेगच्या काळात एक डॉक्टर मिळाला. आम्ही ही गोष्ट वर्गात दर वर्षी सांगतो, पण तिचा हा अर्थ आमच्या ध्यानात फार उशिरा आला.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, आणि दुष्काळाच्या वर्षांत केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. त्यांच्या कार्यावरून धर्मांतराचा मोठा वाद झाला, १८९३ साली अनेक मुलींना पालकांनी सदनातून काढून नेले. त्या वादात कोण किती बरोबर होते याची चर्चा येथे करावयाची नाही. आपल्यासाठी बोध एवढाच, की छप्पर देणाऱ्याने छपराबरोबर श्रद्धेची अट घातली, किंवा घातली असा संशय जरी लोकांना आला, तरी त्याची किंमत आसरा घेणाऱ्या बाईलाच मोजावी लागते.

बाबासाहेबांच्या चळवळीने वसतिगृह हे शिक्षणाचे पहिले साधन मानले. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली होतीच. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह उघडले. डोक्यावर छप्पर असल्याशिवाय हातात पुस्तक टिकत नाही, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले होते. स्वतः बाबासाहेबांनीही ते सोसले होते. १९१७ साली परदेशातील पदव्या घेऊन ते बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्या संपूर्ण शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात ते नाव लपवून राहिले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आपल्या खानदेशाने तरी काय केले? २३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याचे काम आटोपून ते चाळीसगावला उतरले. एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी ज्याने टांगा कधी हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला, आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला जमणाऱ्या आपल्या लोकांना १९३७ सालचा त्यांचा मुक्काम आठवतो. चाळीसगावचा तो टांगाही आठवला पाहिजे.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे. बडोद्यात बाबासाहेबांना जो प्रश्न विचारला गेला, त्याच जातीचा प्रश्न आज जळगाव, भुसावळ, धुळे येथे भाड्याची खोली शोधणाऱ्या एकट्या आईला विचारला जातो. आधी आडनाव विचारतात. आडनावाचा अडथळा ओलांडला, तर पुढचा प्रश्न येतो, “नवरा कोठे असतो?” खरे उत्तर दिले की खोली ‘कालच दिली गेली’ असते. आणि दुःखाची गोष्ट ही, की हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्या घरमालकांमध्ये आपल्याच नगरांतले, दारावर निळा झेंडा लावणारे लोकही आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी मेहनतीने बांधलेल्या घरांच्या वरच्या मजल्यांबद्दल आम्ही हे बोलत आहोत. राग येणार असेल तर तो आमच्यावर काढावा, त्या बाईवर काढू नये.

कायदा कोठपर्यंत येतो

सरकार काही करीत नाही, असे म्हणणे खोटे होईल. राज्यघटनेच्या कलम १५ (३) ने स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला दिली आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेच्या विश्रांतीचा संबंध राष्ट्राच्या हिताशी जोडला होता. कलम ४२ मधील प्रसूतिसाहाय्याचा विचार त्याच वाटेवरचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क देतो, मग ते घर कोणाच्याही नावावर असो. न्यायालय तिला त्या घरातून बाहेर काढण्यास मनाई करू शकते, किंवा पतीला तिच्यासाठी वेगळ्या जागेची सोय करावयास लावू शकते. आमच्याकडे येणाऱ्या दहा मातांपैकी एखादीलाच हे माहीत असते.

त्यापुढे आसऱ्याच्या योजना. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असते. तेथे पोलीस, वकील, दवाखाना आणि समुपदेशन यांची सांगड घातलेली असते. पण राहण्याची सोय थोड्या दिवसांची. त्यानंतर स्वाधार गृह, ज्याला आता मिशन शक्तीखाली शक्ती सदन असे नाव आहे. स्वाधार योजनेत मारहाणीतून आलेल्या स्त्रीला साधारणपणे एक वर्ष आणि इतर निराधार स्त्रियांना तीन वर्षांपर्यंत राहता येत असे. मुलगी अठरा वर्षांची होईतो आईजवळ राहू शके. मुलगा मात्र आठ वर्षांचा झाला, की त्याला बालगृहात पाठवावे लागे. नव्या योजनेत वयाची मर्यादा वाढली, तरी मर्यादा राहिलीच.

याचा अर्थ काय, तो शिक्षकांना विचारावा. एखादे पोर काल बापाला आईला मारताना पाहत होते. आज ते आईसह सुरक्षित जागी आले, आणि उद्या ‘तू आता मोठा झालास’ असे सांगून त्याला तिच्यापासून दूर केले जाते. त्या पोराला वाटते, की आपण काही गुन्हा केला. आमच्या पाचवी-सहावीच्या वर्गांत अशी मुले येतात. ती दंगा करीत नाहीत. ती अन्न लपवितात, उशीखाली पोळी ठेवतात, आणि शनिवारी फाटकाकडे तोंड करून बसतात. आम्ही त्यांना ‘घुमी’ म्हणतो. बालन्याय कायदा तर स्पष्ट सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि कुटुंबाची जबाबदारी आधी यावी. पण ज्या कुटुंबात एकटी आई आहे आणि त्या आईलाच छप्पर नाही, तेथे शेवटचा उपायच पहिला होऊन बसतो.

पैशाच्या योजनाही आहेत. संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. सावित्रीबाईंच्या नावाच्या बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, आणि ज्या पालकांनी अद्याप अर्ज केलेला नाही त्यांनी तो अवश्य करावा. परंतु प्रत्येक अर्जाला रहिवासाचा पुरावा लागतो, शिधापत्रिका लागते. शिधापत्रिका नवऱ्याच्या घरी, तिच्यावरचे नाव कमी झालेले किंवा अडकलेले. पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून पत्ता नाही. हे चक्र आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते तोडावयाचे असेल, तर सुरुवात पत्त्यापासूनच करावी लागेल.

घरकुलाचेही तसेच. आपल्या समाजासाठी जी योजना आहे तिला रमाईचे नाव आहे, याहून यथार्थ नाव कोणते? बाबासाहेब लंडनला असताना परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत रमाईने काय सोसले, ते आपल्या घराघरांत सांगितले जाते. पण रमाई घरकुल मिळविण्यासाठी आधी स्वतःची जागा हवी. टाकलेल्या बाईची जागा कोठून येणार? सासरची जागा सासऱ्याच्या नावावर, माहेरची भावाच्या. अशा रीतीने रमाईच्या नावाचे घर रमाईसारख्याच बाईला मिळत नाही.

स्त्रीच्या नावावर जागा असावी हा विचार खानदेशाला अपरिचित नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावाच्या शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला. त्याआधी १९७० च्या दशकात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात आदिवासी भगिनींनी दारूचे मडके फोडून मारहाणीविरुद्ध आवाज उठविला होता. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि ‘टाकलेली’ म्हणून खाली मान घालणाऱ्या बायका प्रथमच हक्काची भाषा बोलू लागल्या. विटनेरचे शेतकरी जमीनवाले होते. ज्यांच्याकडे वाटून देण्यास जमीनच नाही, त्यांच्या लेकीबाळींसाठी जागा समाजाने सामुदायिकपणे उभी करावी लागेल. आम्ही मांडत असलेला विचार एवढाच आहे.

मायलेकरांचे एकत्र घर

जपानमध्ये १९४७ सालच्या बालकल्याण कायद्यातच अशा घरांची तरतूद आहे. महायुद्धाने लाखो स्त्रिया विधवा झाल्या होत्या. त्या देशाने मुले अनाथालयात आणि आया रस्त्यावर असे न करता, मायलेकरांनी एकत्र राहावयाची वसतिगृहे कायद्याने मान्य केली. आजही तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली असते, आई कामावर जाते, मुले शाळेत जातात, आणि कार्यकर्ते नोकरी, न्यायालय, अभ्यास यांत साहाय्य करतात. मुले अठरा वर्षांची होईपर्यंत तेथे राहता येते. मुलगा आहे म्हणून त्याला लहानपणीच आईपासून तोडले जात नाही.

बौद्ध वाचकांना हे विशेष सांगावयास नको. पती, दोन मुले आणि आईवडील एकाच प्रवासात गमावून भान हरपलेली पटाचारा जेतवनात आली, तेव्हा लोक तिला अडवू लागले होते. तथागतांनी तिला येऊ दिले. कोणी अंगावर वस्त्र दिले, मग उपदेश झाला. आधी वस्त्र आणि आसरा, नंतर धम्म. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्रावस्तीत विशाखेने पूर्वाराम बांधून दिला, तीही गृहिणीच होती. आपल्या विहारांना संगमरवर बसविण्यासाठी आपण उदार हाताने दान देतो, ते चांगलेच आहे. त्या दानातील काही विटा मायलेकरांच्या खोल्यांना लागल्या, तर धम्माला उणेपणा येणार नाही.

आमची सूचना अशी आहे. विद्यालयाच्या मागील बाजूस जी मोकळी जागा आहे, तेथे आरंभी आठ ते दहा खोल्यांचे एक घर बांधावे. मोठा दालनवजा हॉल करून गाद्या अंथरण्याची कल्पना आम्हाला मान्य नाही. प्रत्येक आईला स्वतःची खोली, स्वतःचे कुलूप, स्वतःचा गॅस किंवा चूल असावी. ज्या बाईने इतकी वर्षे दुसऱ्यांच्या ओसरीवर काढली, तिला रात्री आतून कडी लावता येणे म्हणजे काय, हे पुरुषांना समजावून सांगावे लागते. पत्र्याचे छप्पर नको. भुसावळचा मे महिना ज्यांनी पत्र्याखाली काढला आहे, ते कारण विचारणार नाहीत.

मुक्कामाची मुदत महिन्यांत मोजू नये. मुलाची दहावी होईपर्यंत, निदान तो एक शैक्षणिक टप्पा पुरा करीपर्यंत, आईला तेथे राहता यावे. पहिल्या वर्षी भाडे नको. नंतर तिच्या कमाईच्या मानाने थोडे घ्यावे, म्हणजे ती उपकृत न राहता भाडेकरू होईल. भाडेपावती हा तिचा पत्त्याचा पुरावा व्हावा. कामावर जाणाऱ्या आयांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर असावे. आठवड्यातून एकदा वकील आणि समुपदेशक यांनी यावे. माजी विद्यार्थ्यांमध्ये वकील आणि परिचारिका कमी नाहीत. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाची नोंदणी आणि देखरेख यांवाचून हे काम सुरू करू नये. व्यवस्थापन समितीत बहुसंख्य स्त्रिया असाव्यात, आणि तेथे राहणाऱ्या मातांपैकीही दोघी असाव्यात. प्रवेशाच्या वेळी जात विचारू नये, धर्म विचारू नये. वंदनेला यावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. शारदा सदनाचा धडा आपण विसरता कामा नये.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. या मातांना विद्यालयाच्या स्वयंपाकघरात फुकट किंवा अर्ध्या पगारात राबविण्याचा मोह होईल. कोणी म्हणेल, राहतात येथेच, चार भांडी घासली तर बिघडले काय? बिघडते. काम दिले तर पूर्ण वेतनाने द्यावे. वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या समाजाच्या संस्थेत आसऱ्याच्या नावाने वेठ येऊ देऊ नये.

आक्षेप

हा विचार आम्ही काही मंडळींपुढे मांडला, तेव्हा तीन आक्षेप आले. पहिला, ‘अशा बायका ठेवल्या तर शाळेची बदनामी होईल.’ जोतीरावांच्या शेजाऱ्यांनी याहून वेगळे काही म्हटले असेल असे वाटत नाही. ‘अशा बायका’ म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यांच्या आया आहेत. ज्यांची मुले आपण पहिल्या बाकावर बसवितो, त्या फाटकाच्या आत आल्याने शाळा विटाळते काय? विटाळ हा शब्द आपण तरी वापरू नये.

दुसरा आक्षेप, ‘घर मोडण्याला उत्तेजन मिळेल.’ आमच्या पाहण्यात एकही बाई हौसेने घर सोडून आलेली नाही. बहुतेकींनी सोसण्याची सीमा ओलांडल्यावरच उंबरा ओलांडला, आणि कित्येकींना तर उंबऱ्याबाहेर ढकलण्यात आले. उलट, जाण्यास जागा आहे हे नवऱ्याला ठाऊक झाले, की काही ठिकाणी त्याचा हात आवरतो, असेही आम्ही पाहिले आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. बांधकामाला पैसा लागेल आणि त्याहून अधिक चालविण्यासाठी लागेल. दहा खोल्या बांधून त्या तिसऱ्या वर्षी ओस पडाव्यात, यापेक्षा तीन खोल्या बांधून त्या पंचवीस वर्षे चालवाव्यात, असे आमचे मत आहे. प्रत्येक दहावीच्या तुकडीने मिळून एक खोली आणि त्या खोलीचा वार्षिक खर्च उचलावा. खोलीवर दात्यांच्या नावाची पाटी लावू नये. राहणाऱ्या मुलाला रोज कोणाचे तरी उपकार वाचावे लागतील.

बांधकामाची वाट न पाहता

हे सारे होण्यास वेळ लागेल. पण तीन गोष्टींना एक वीटही लागत नाही. पहिली, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहाच्या दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात, आणि ज्या मातांना जागा नाही त्यांना मुलांसह तेथे राहू द्यावे. दुसरी, आपला प्रवेशअर्ज बदलावा. त्यावर अजूनही ‘वडिलांची सही’ हा रकाना आधी आहे, आणि वडील नाहीत म्हणून आम्ही मामांची सही आणावयास सांगितलेल्या आया आम्हाला आठवतात. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव आधी लिहिण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरविले. आपण बाबासाहेबांचे अनुयायी असून शासनाच्या मागे राहिलो. तिसरी, ज्यांची शहरात भाड्याच्या खोल्यांची घरे आहेत त्या माजी विद्यार्थ्यांनी एक खोली एकट्या आईसाठी राखावी आणि ‘नवरा कोठे असतो’ हा प्रश्न विचारणे सोडून द्यावे.

धारवाडच्या वराळे यांच्या वसतिगृहात मुले उपाशी आहेत असे पाहून रमाईने आपल्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही हकिकत आपल्या चळवळीत दर जयंतीला सांगितली जाते. वसतिगृहाच्या दारात त्या दिवशी आई उभी होती, म्हणून मुले जेवली. आपल्या वसतिगृहाच्या दारातही आई उभी राहिली होती. पेटी डोक्यावर घेऊन ती परत गेली, आणि आम्ही फाटक लावून घेतले. तो मुलगा आता तरुण झाला असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडण्याचा संभव फार थोडा आहे. पण येत्या दिवाळीत पेटीवर बसून राहणारे मूल आज आपल्या वसतिगृहात आहे. त्याचे नाव आम्हाला ठाऊक आहे. सुटी लागण्याच्या आत संस्थेने त्या दोन खोल्यांचा निर्णय करावा, एवढे या निमित्ताने मागतो.

जय भीम.